घरपट्टीतली सूट आणि रंगुबाई

रंगुबाई आपल्या घरचा कचरा कुणाला उचलू देत नाहीत. माणसाची ओळख करून द्यायची ही काय रीत झाली, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांची ओळख इथूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. बाई ऐंशीच्या घरातल्या, कमरेत जरा वाकलेल्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. घरात नातू संघपाल, नातसून ज्योत्स्ना, शाळेत जाणारी पणती. तरी अंगण स्वतः झाडणार आणि गोळा झालेलं स्वतःच भरणार. भाजीचे देठ, राख, पालापाचोळा परसातल्या खड्ड्यात जातो. प्लास्टिक, बाटल्या, फुटके डबे पोत्यात साठतात. पोतं भरलं की बाई ते घेऊन वडापच्या जीपने बारामतीला जातात, भंगारवाल्याच्या काट्यावर स्वतःच्या हाताने ठेवतात, त्याच्याशी हुज्जत घालतात आणि संध्याकाळी परत येतात. पोत्याचे येतात त्यापेक्षा जीपला जास्त जातात, हे मी एकदा त्यांना समजावायला गेले.

"हिशोब मला बी येतो, वैनी," त्या म्हणाल्या. "पण माझं टाकलेलं मी कुणाच्या हातात दिऊ?"

मी त्या वेळी गावची उपसरपंच होते. बायकांची राखीव जागा निघाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. निवडून आल्यावर मी कुणाचं ऐकेना, म्हणून पुढच्या वेळी उभं केलं नाही. आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडे जाताना शेळगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं जिवंत आहेत आणि मला त्याच गावात राहायचंय.

रंगुबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही इथलंच, आत्याच्या घरी दिलेल्या. त्यांचे वडील म्हस्कू. गावात बैल मेला, म्हैस मेली की हाळी यायची आणि म्हस्कू दोर घेऊन निघायचे. मेलेलं ओढून शिवेबाहेर न्यायचं आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर जाऊन पदर पसरायचा. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्या हाळीला म्हस्कू दारातच उभे राहिले. "हे काम आता आमचं न्हाय," एवढंच बोलले. मेलेला बैल गोठ्यात तसाच पडून राहिला, गाव नाकाला पदर लावून बसलं आणि मग गावाने जे करायचं तेच केलं. खुरपणीला बोलवायचं नाही, गिरणीत दळण घ्यायचं नाही, दुकानातून मीठसुद्धा द्यायचं नाही. म्हस्कू बायकापोरांना घेऊन कालव्याच्या कामावर गेले, उपाशी झोपले, पण दोर पुन्हा हातात धरला नाही. रंगुबाई तेव्हा बाराएक वर्षांच्या असतील. हे त्यांनी मला कधी रडून सांगितलं नाही. सरळ सांगितलं, जसं आपण आपल्या जमिनीचा बांध कुठून कुठे जातो ते सांगतो.

त्यातूनच बाईंचा स्वभाव बनला असावा. कुणाचं उतरलेलं घ्यायचं नाही, आपलं उतरलेलं कुणाला द्यायचं नाही. एका दिवाळीला मी त्यांना माझी एक साडी देऊ केली, दोनदाच नेसलेली. त्यांनी पोत बोटांनी चाचपून बघितला, घडी मोडू न देता माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाल्या, "द्यायची तर नवी द्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या. मी रागावत न्हाय." राग मलाच आला. दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी बारामतीहून नवं लुगडं आणून दिलं. ते मात्र त्यांनी हसत घेतलं.

तर योजनेचं सांगायचं राहिलं. गावात कचरा फार झाला होता. गुटख्याच्या पुड्या, खताच्या पिशव्या, ठिबकच्या सडक्या नळ्या, सगळं कालव्याच्या कडेला. बायका चूल पेटवायला प्लास्टिक घालायच्या आणि सकाळी गावावर काळा धूर धरायचा. सरपंच अजित. पोरगा शिकलेला, कामाला वाघ, फक्त ऐकून घेण्यात थोडा कच्चा. त्याने ग्रामसभेत ठराव मांडला. जे घर ओला आणि सुका कचरा वेगळा करून रोज घंटागाडीत देईल त्या घराला घरपट्टीत सूट. दारोदार क्यूआर कोडची एक पाटी लावायची, गाडीवरच्या बाईने तिला मोबाईल दाखवायचा की नोंद झाली.

विरोधाला पहिले उठले ते आप्पासाहेब. गावातले मोठे बागायतदार, बोलायला लागले की पाणी प्यायला थांबतात एवढंच.

"आपलंच घर आपण झाडायचं आन सरकारनं त्याचं पैसं द्यायचं, ही कुठली रीत?" ते म्हणाले. "उद्या तोंड धुतल्याबद्दल बी मागतील लोक."

"आप्पा, इतकी वर्षं फुकट सांगून बघितलं," अजित म्हणाला. "झालं का काही?"

मी अजितच्या बाजूने बोलले. आजही मी त्याच मताची आहे. शहाणपण शिकवून कालवा साफ होत नाही. माणसाला चार पैसे वाचताना दिसले तर तो वाकतो, यात लाजण्यासारखं काही नाही. कारखाना उसाला रिकव्हरीप्रमाणे, म्हणजे निघणाऱ्या साखरेप्रमाणे भाव देतो तेव्हा कुणी म्हणत नाही की ऊस गोड पिकवणं हे तुमचं कर्तव्यच होतं.

मग मागच्या रांगेतून रंगुबाई उठल्या.

"सूट घराला," त्या म्हणाल्या. "आन उचलणार कोण?"

"आक्का, मानधनावर दोन बाया घेणार आहोत."

"कुठल्या बाया?"

अर्ज आले होते ते सगळे बुद्धवस्तीतून आले होते, हे अजितला माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"ज्यांना गरज हाय त्यांनी अर्ज केलेत, आक्का."

"गरज काय गावात एकाच आळीला हाय?" रंगुबाईंचा आवाज चढला नव्हता. "सूट द्या. मी न्हाय म्हणत न्हाय. पण जो आपल्या हातानं उचलून हितवर आणून दील त्याला द्या. घरात बसून दुसऱ्याच्या हातात देतो, त्याला कशाची सूट?"

अजितने समजावलं. कुणी मळ्यात राहतं, कुणी म्हातारं आहे, एवढ्या लांब कोण आणून देणार, योजनेचा फज्जा उडेल. मलाही तेच पटलं आणि मी तसं बोलले. ठराव मंजूर झाला. आप्पासाहेबांनीही हात वर केला, कारण सूट मिळणार म्हटल्यावर त्यांचं तत्त्वज्ञान जरा मऊ पडलं होतं.

आणि दोन बायकांमधली एक निघाली ज्योत्स्ना, रंगुबाईंची नातसून.

ज्योत्स्ना बारावी झालेली, गोड गळ्याची, कामाला चपळ. संघपाल बारामतीत एका कंपनीत कंत्राटावर. कंपनी आज बोलवायची, उद्या थांबा म्हणायची. घरात एक पक्की मिळकत हवी होती आणि हे काम गावातच होतं. तिने अर्ज केल्याचं घरी सांगितलं त्या दिवसापासून रंगुबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. ताट वाढलं तर जेवायच्या, पण शब्द नाही. ज्योत्स्ना माझ्याकडे येऊन रडली.

"काकू, आजीचं मला समजतं," ती म्हणाली. "पण हातमोजे हायेत, ड्रेस हाय, पंचायतीचं पत्र हाय. हे ते काम न्हाय ना? तुमीच सांगा."

"नाही गं," मी म्हटलं. "हे ते काम नाही." मनापासून म्हटलं होतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. गाडीची घंटा वाजली की बायका दोन बादल्या घेऊन दारात हजर. चुलीचा काळा धूर बंद झाला. कालव्याची कड मोकळी दिसू लागली, आणि लोणी भापकरहून पाहुणे आले की अजित त्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणायचा. ज्या कामाला भाषणं पुरली नव्हती ते घरपट्टीतल्या सवलतीने करून दाखवलं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

पण सूट नोंदीवर होती, निवडण्यावर नव्हती. हे गावाच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. हळूहळू दोन बादल्यांची एक झाली. ज्योत्स्ना काही बोलली तर उत्तर यायचं, "तू घे की निवडून. पगार कशाला हाय?" ज्या बायका आधी बादली हातात द्यायच्या, त्या आता उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरायला लागल्या. कुणी ठरवून केलं नाही. हातमोजे घातलेली बाई दारात आली की पाय आपोआप मागे जायचे, जसे त्यांच्या आज्यांचे जात असतील. ज्योत्स्ना हे घरी सांगत नसे. कुणाला सांगणार होती?

मग एका सकाळी आप्पासाहेबांच्या गोठ्यात जर्सी गाईचं गोऱ्हं मेलं. जर्सीच्या गोऱ्ह्याचं कुणालाच फारसं सुतक नसतं. दूध देत नाही, औताला चालत नाही. असली गोऱ्ही पूर्वी बांधाला पुरायचे, नाहीतर कालव्यात सोडायचे. पोरं बाहेरगावी, गडी आला नव्हता, आणि नेमकी घंटागाडी दारात आली. त्या दिवशी गाडीवर पाळी ज्योत्स्नाची होती. आप्पासाहेब ओसरीवरून म्हणाले, "बरी आली गाडी. ते घ्या त्यात."

गाडीवरचा ड्रायव्हर सोमनाथ घुटमळला. "आप्पा, हे कसं घ्यायचं?"

"ओला कचराच की रं तो. कुजतोयच ना?" आप्पासाहेब म्हणाले. "आन पाटीला मोबाईल दाखव गं पोरी, आजचा दिस बुडाय नको."

त्यांच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटलं की मेलेलं जनावर घेऊन जायला गाडी येते, गाडीवर बाई असते, आणि ती बाई वस्तीतली असते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. मला राग येतो तो याचाच. कपट असतं तर भांडता आलं असतं.

ज्योत्स्नाने नंतर मला सांगितलं, "नको म्हणायला तोंड उघडलं, काकू, पण शब्दच फुटंना. दारात मानसं उभी होती, समदी माझ्याकडं बघत होती." सोमनाथने पुढचे पाय धरले. तिने मागचे धरले.

गाडी पंचायतीच्या कचऱ्याच्या शेडवर पोचायच्या आत बातमी वस्तीवर पोचली. अजितने घाबरून मला फोन केला. मी गेले तेव्हा गोऱ्हं लिंबाखाली टाकलेलं होतं, वर खताचं पोतं पांघरलेलं. ज्योत्स्ना नळावर हात धूत होती. साबण संपला होता तरी धूत होती. तेवढ्यात रंगुबाई काठी टेकत आल्या. त्यांनी पोतं बघितलं, खालून बाहेर आलेले खूर बघितले, मग नातसुनेचे हात बघितले. मला वाटलं, आता ही बाई तिला फाडून खाणार.

त्यांनी नळ बंद केला. कळशी घेतली, ज्योत्स्नाला खाली बसवलं आणि तिच्या हातांवर बारीक धारेने पाणी ओतत राहिल्या. हात कधीचेच स्वच्छ झाले होते.

"बास, आजी."

"बापाच्या हातावर मी असंच वतत व्हते," रंगुबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्या तिच्याशी बोलत होत्या. "त्यानं दोर टाकला, तवा वाटलं हुतं आता कुनाच्या हातावर वतायची पाळी यायची न्हाय."

मीच तिला सांगितलं होतं, हे ते काम नाही म्हणून.

मग रंगुबाई गोऱ्ह्याशेजारी जमिनीवर बसल्या. "ज्याचं हाय त्यानं न्यावं," म्हणाल्या. "वस्तीतलं कुनी हात लावायचं न्हाय. सोमनाथ, तू बी न्हाय."

ऊन चढलं. माशा घोंगावू लागल्या. माणसं जमली, लांबून बघू लागली. अजितने जेसीबी बोलावतो म्हणून सांगितलं.

"जेसीबीनं पुरता यील," रंगुबाई म्हणाल्या. "पण मग कळायचं न्हाय कुनालाच."

कुणी पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं. शेडच्या कट्ट्यावर बसा म्हटलं तर उठल्या नाहीत. शेवटी मी आप्पासाहेबांकडे गेले.

"एवढ्याशा गोऱ्ह्यावरनं काय मांडलंय तिनं?" ते तडकलेच होते. "मी काय शिवी दिली का? कचऱ्याची गाडी, मेलेलं टाकलं गाडीत."

"आप्पा," मी म्हटलं, "तुमची सून असती गाडीवर, तर दिलं असतं तिच्या हातात?"

ते ओसरीच्या खांबाकडे बघत बसले. आतल्या दारात त्यांची बायको कुशाबाई उभ्या होत्या. त्या आमच्यात कधी बोलत नाहीत. नवऱ्यासमोर तर नाहीच. पण त्या गोऱ्ह्याला आठवडाभर बाटलीने दूध त्यांनीच पाजलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चपला घातल्या आणि पायरी उतरल्या.

"कुठं निघाली?" आप्पासाहेब म्हणाले.

"माझ्या दारातलं हाय, मी आणते," त्या म्हणाल्या आणि मागे न बघता चालू लागल्या.

आप्पासाहेबांनी उठून ट्रॅक्टर काढला.

सगळ्या गावासमोर त्या दोन म्हाताऱ्या जीवांनी ते गोऱ्हं उचललं. एकदा हातातून सुटलं. पांढऱ्या लेंग्याला डाग पडले. लांब उभ्या असलेल्यांपैकी कुणी पुढे आलं नाही, आणि आप्पासाहेबांनीही मान वर करून कुणाला बोलावलं नाही. ट्रॉलीत ठेवून झाल्यावर कुशाबाई रंगुबाईंसमोर आल्या.

"आक्का, चुकलं आमचं."

"मला नका सांगू," रंगुबाई म्हणाल्या. "तिला सांगा."

कुशाबाई ज्योत्स्नाकडे वळल्या. वयाने आजी शोभतील अशा बाईने तिचे ओले हात आपल्या हातात घेतले. "पोरी, चुकलं गं," म्हणाल्या. ज्योत्स्ना सकाळपासून रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडला, रंगुबाईंनी आधी सांगितला होता तोच. गाडी दारोदार जाणार नाही. घरातल्या मोठ्या माणसाने निवडलेला कचरा स्वतः शेडवर आणावा, तोलून द्यावा, त्यालाच सूट. म्हातारी-आजारी माणसं असतील तिथे शेजाऱ्याने आणावा आणि सूट वाटून घ्यावी. अजितने एकदा माझ्याकडे, एकदा रंगुबाईंकडे बघितलं आणि हात वर केला. फार घरांनी पाठ फिरवली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. काहींच्या चुलीत पुन्हा प्लास्टिक जळू लागलं. तालुक्यात बक्षीस मिळायचं होतं ते हुकलं. मला कुणी विचारलं की कचऱ्यासाठी सरकारने पैसे द्यावेत का, तर मी अजूनही द्यावेत म्हणते. पण आधी बघा म्हणते, पैसे कुणाच्या खिशात जातात आणि घाण कुणाच्या हातात. ही दोन टोकं एकाच माणसाकडे येत नसतील तर ती योजना कचऱ्याची नाही, ती जुनीच कहाणी आहे.

ज्योत्स्ना काम सोडणार होती. मला तसं सांगून गेली. आपल्या जागी बदली बाई मिळेपर्यंत चार दिवस येते म्हणाली, म्हणून पंचायतीने शेडच्या दारात तिच्यासाठी टेबल आणि खुर्ची टाकली, शेजारी वजनकाटा. पहिल्या सकाळी मी बघायला गेले. माणसं थोडीच होती, पण होती. पिशव्या हातात, तोंडं वाकडी, रांगेत उभी. रंगुबाई ज्योत्स्नाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि कट्ट्यावर बसल्या होत्या.

रांगेत आप्पासाहेब आले. एका हातात सुक्या कचऱ्याची पिशवी, दुसऱ्यात ओल्याची बादली. एवढं मोठं माणूस समोर दिसताच ज्योत्स्ना सवयीने खुर्चीवरून उठली आणि बादली घ्यायला पुढे झाली.

"बस," रंगुबाई कट्ट्यावरून म्हणाल्या. "उठायचं न्हाय. ठेवतील ते."

ज्योत्स्ना खाली बसली. आप्पासाहेब बादली घेऊन उभे राहिले, पुढच्या माणसाचं तोलून व्हायची वाट बघत.